डाव्या पायाची गादी

आमच्या गल्लीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, कालिपा म्हातारपणी चळली. बाकीचे म्हणतात, ती पहिल्यापासूनच तशी होती. तिसरं मत माझं आहे, पण ते मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मला बाजारात जायचं होतं. बस, एवढंच.

आमचं घर काराकोल गावाच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथे. बाजार खाली. मधे तेलगिरणीची उतरण. गिरणी कधीच बंद पडली, नाव तेवढं राहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पॉपलरची झाडं, झाडांच्या बुडाशी पाण्याचे पाट, तळाला नदीवरचा पूल आणि पुलापलीकडे धडधडत जाणारे ट्रक. तरुणपणी मी ही उतरण घोड्यावरून दौडत उतरायची. त्याच घोड्यानं एकदा कुरणावरून येताना मला खाली आपटलं. डाव्या पायाची नडगी मोडली. हाडवैद्यानं ती बसवली खरी, पण वाकडी बसवली. पोटरी सुकत गेली. तेव्हापासून मी लंगडते.

हे शेवटचं वाक्य मी आत्ता फटकन सांगितलं, पण उभ्या आयुष्यात ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. आमच्या घरात माझ्यासमोर कोणी ‘पाय’ म्हणत नसे. माझा नवरा मुकाश, आता नाही बिचारा, पण त्यानंही कधी तो शब्द काढला नाही. सगळ्यांना दिसायचं आणि सगळे दुसरीकडे बघायचे. मलाही तेच हवं होतं.

वय झालं तसा परतीचा चढ झेपेना. मी नमद्याच्या, म्हणजे दाबून-लाटून घट्ट केलेल्या लोकरीच्या सपाता करते. त्या बाजारात विकायला माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी जायला लागलं. माझा मुलगा एर्मेक मिनीबस चालवतो. “अपा, मी नेतो की. तुम्ही कशाला दगदग करता?” असं म्हणून त्यानं टोपली उचलली ती उचललीच. पोरगा गुणाचा आहे. त्यानं मला घरातल्या मानाच्या जागी बसवलं. आमच्याकडे मानाची जागा दारासमोरच्या भिंतीशी असते, म्हणजे दारापासून सगळ्यात लांब. तिथे गाद्यांवर गाद्या घालून म्हातारीला बसवायचं, पहिला चहा तिला द्यायचा, आणि मग म्हातारीनं तिथून हलायचं नाही. तीन हिवाळे मी त्या भिंतीशी काढले. बाजारात भाव काय चाललाय, कोणाची सून पळाली, कोणाचा मेंढा दुसऱ्याच्या घरी सापडला, सगळं मला शिळं होऊन कळायचं.

मग ते चाक आलं. घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. यंदा उन्हाळा लागताना पोलंडचा एक उंच पोरगा आला होता. विजेच्या एकाच चाकावर उभा राहून तो आमच्या इथल्या सरोवराभोवती फिरला. घरी परतायच्या वेळी विमानवाल्यांनी बॅटरी बघून साफ नाही म्हटलं, तेव्हा चाक माझ्या अंगणात ठेवून तो म्हणाला, “आजी, कोणाला तरी देऊन टाका.”

मी दिलं. मलाच दिलं.

कुंपण धरधरून शिकले. मुकाशचं मोटारसायकलचं शिरस्त्राण डोक्याच्या रुमालावर घातलं, त्याचीच जुनी विजार चढवली. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पावटी असते, त्यांवर दोन पाय ठेवायचे. पुढे झुकलं की चाक निघतं, मागे रेललं की थांबतं. घोडा याहून फार वेगळा नसतो, फक्त याला गवत लागत नाही. पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि गोठ्यामागे उभी राहून रडले. आनंदानं नाही, रागानं. चाकावर उभ्या असलेल्या बाईचं लंगडणं दिसत नाही. इतकी वर्षं कुठे होतं हे मेलं चाक?

आता पडल्याचं सांगते, कारण त्यावरूनच सगळं रामायण झालं.

सपाट रस्त्यावर मी झकास चालवायची. एके दिवशी टोपली पाठीला बांधली आणि तेलगिरणीच्या उतरणीला लागले. निम्म्यात वेग वाढला. मी मागे रेलले. पण चाकाचं अंग गुळगुळीत, पोटरीला मागे रेटायला काही आधारच नाही. पाय नुसते घसरत राहिले. समोर ओसमोन टरबुजवाला बसला होता. तो बाजूला उडाला, टरबुजं मात्र जागची हलली नाहीत. मी त्यांच्यात जाऊन पडले. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण लाल रसानं न्हालेली मला पाहून अर्धा बाजार ‘मेली, मेली’ म्हणत धावून आला. ओसमोन तेवढा माझ्याकडे न बघता टरबुजांकडे बघत होता.

संध्याकाळी एर्मेक आला तो चहाला न बसता उभाच राहिला.

“अपा, झालं तेवढं पुरे. रविवारी मी बिश्केकला गाडी घेऊन जातोय. चाक बरोबर नेतो. तिथे घेईल कोणीतरी.”

“माझं चाक?”

“शोभतं का हे तुमच्या वयाला?”

“माझ्या वयाला काय शोभतं ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. मी वयामुळे पडले नाही.”

“मग कशामुळे पडलात?”

त्याची नजर खाली गेली, माझ्या पायापाशी जाऊन परत फिरली. बघा, आमच्या घरात भांडणसुद्धा त्या पायाला वळसा घालून जायचं.

“चाकाला पोटरीमागे आधार नाही म्हणून पडले,” मी म्हटलं. “तो मी करते. रविवारी सकाळी मी तेलगिरणीची उतरण उतरणार. तू पुलाच्या तोंडाशी उभा राहा. तुझ्या अलीकडे थांबले तर चाक माझं. नाही थांबले तर ने तुझ्या बिश्केकला, आणि मला त्या भिंतीशी बसव. पुन्हा उठायचं नाव काढणार नाही.”

सून चहा ओतता ओतता थांबली. एर्मेकनं तोंडावरून हात फिरवला.

“अपा, पलीकडे ट्रक असतात.”

“मग नीट मधोमध उभा राहा.”

“शब्द देता?”

“दिला.”

पोलिश पोरानं मला फोनवर फोटो दाखवले होते. त्यांच्याकडे लोक चाकाच्या दोन्ही अंगांना गाद्या चिकटवतात, एक नडगीपुढे, एक पोटरीमागे. पुढे झुकलं की नडगी टेकते, मागे रेललं की पोटरी टेकते, आणि चाकाला तुमचं म्हणणं कळतं. तिकडे तयार मिळतात. इकडे कुठून मिळणार? पण ज्या बाईनं जन्मभर नमदा लाटला, तिनं गादीसाठी दुकान शोधायचं म्हणजे हद्द झाली. मी तडक बुरुलकडे गेले.

बुरुल माझ्याहून धाकटी, म्हणून मला एजे म्हणते, म्हणजे थोरली बहीण. लग्न होऊन या गल्लीत आलो तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र काम करतो. तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार.

“बुरुल, नमदा काढ. सगळ्यात जाड असेल तो.”

“का गं एजे, लग्न कोणाचं?”

“माझं. चाकाशी.”

“मग आहेरात काय देणार? उरलेले दात?”

“तू आधी नमदा काढ. दात मोजायला आयुष्य पडलंय.”

कामाला बसलो. नमद्यावर उकळतं पाणी ओतलं, साबण लावला, वेताच्या चटईत गुंडाळून दोघींनी कोपरांनी लाटला, बडवला. गादीच्या पोटात घालायला बुरुलचे फाटके रबरी जोडे कापले, बुटांवरून घालतो ते. थरावर थर रचून दाभणानं इतके दाट टाके घातले की गादी चपलेच्या तळव्यासारखी टणक झाली. चाकाला चिकटवायला वेल्क्रो हवा होता. तो एर्मेकच्या मिनीबसमध्ये सीटच्या कव्हरांना होता. आता नाही.

कापायची वेळ आली तेव्हा आम्ही आमच्या रीतीनं कापलं. आम्ही शिर्दाक करतो, नक्षीची जाड नमद्याची सतरंजी. त्यात लाल नमदा आणि काळा नमदा एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापायचे असतात. लालातून निघालेली नक्षी काळ्याच्या खाचेत बसते, काळ्यातली लालाच्या. एक तुकडा वाया जात नाही आणि जोडी हुबेहूब उतरते. बिनजोडीचं काम घराबाहेर पडलं तर घराची बरकत जाते, असं आमच्या सासवांनी डोक्यात भरवलेलं. त्यामुळे मी दाराच्या चौकटीला धरून चाकावर उभी राहिले, मागे रेलले, आणि बुरुलनं उजव्या पोटरीमागे खडूनं खूण केली. डावीकडे खूण करायचं तिलाही सुचलं नाही, मलाही नाही. जोडीच ती, दोन वेगवेगळ्या खुणा कशाला? एका मापानं दोन्ही बाजू एकदम कापून मोकळ्या झालो. गाद्या देखण्या झाल्या होत्या. बुरुलनं तर कडेला मेंढ्याच्या शिंगाची नक्षीसुद्धा शिवली.

आदल्या दिवशी दुपारी गल्लीतल्या लहानशा उतारावर चाक चालवून बघितलं. पुढे झुकले, छान. नडग्या टेकल्या, चाक पळालं. मग मागे रेलले. चाकानं गिरकी घेतली, मला उजवीकडे फेकलं आणि मी सरळ पाटात. पाणी डोंगरावरचं, बर्फाचं. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे सांगता येत नाही.

बुरुल पोट धरून हसत होती. हसता हसता तिनं चाक उचललं आणि हसायची थांबली.

“एजे, हे बघ.”

मी भिजलेली, दात वाजत असलेली, वाकून बघितलं. माझ्या विजारीला रस्त्याची माती लागलेली होती. उजव्या गादीवर तिचा चांगला ठसा उमटला होता. डावी गादी कोरी होती, टाका न् टाका स्वच्छ. डावी पोटरी तिथपर्यंत पोचलीच नव्हती. मी एका पायानं ब्रेक लावत होते, मग चाक फिरणार नाही तर काय.

मला राग आला.

“तुला माहीत होतं!”

“काय?”

“माझा पाय.”

“सगळ्या काराकोलला माहीत आहे, एजे.”

“मग खूण करताना का नाही बोललीस?”

“तू कधी बोललीस?” ती पण चिडली. “तुझ्या सपाता कोण कापतं? मी. दोन्ही सारख्याच कापते. डावी तुला ढिली होते, तू आत लोकर कोंबतेस, मला काय कळत नाही? तू बोलली नाहीस म्हणून मी बोलले नाही. आता माझ्यावर कशाला ओरडतेस?”

मी तिथेच पाटाच्या काठावर बसले. मला त्या पायाची लाज वाटायची. वाकडा झाला याची तितकी नाही, जितकी तो लपवण्यात मी आयुष्य घालवलं याची. आणि उद्या ती लाजच मला पुलाखाली नेणार होती. एर्मेक नाही, ती भिंतही नाही, मला हरवणार होता माझाच हट्ट. हे काही मी खपवून घेणार नव्हते.

मी विजार गुडघ्यापर्यंत वर केली. भर दुपारी, भर गल्लीत. समोरच्या घरातल्या बाईनं पडदा सोडला.

“माप घे,” मी म्हटलं.

“इथे?”

“इथेच. बघू दे ज्याला बघायचंय त्याला.”

मी कुंपणाला धरून चाकावर उभी राहिले. बुरुल खाली बसली आणि तिनं त्या वाकड्या, सुकलेल्या पोटरीमागे हात घातला. तिथे मुकाशचासुद्धा हात कधी गेला नव्हता, मी जाऊच दिला नव्हता. पोटरी आणि गादीमधे तिची दोन बोटं आरामात गेली.

“दोन बोटं,” ती म्हणाली. “डावी गादी जाड करायची, उजवी तशीच ठेवायची? म्हणजे बिनजोडीचं काम. माझ्या अंगणातून? सासू थडग्यातून उठून येईल माझी.”

“येऊ दे. तिलाही चाकावर बसवू.”

“चेष्टा नको. नमदा उरलेला नाही. आता लाटला तर वाळायचा कधी?”

खरं होतं. मी उजव्या गादीकडे बघत राहिले. तिच्यात रबराचे दोन थर होते. उजव्या पोटरीला एवढी जाडी नकोच होती. ती धष्टपुष्ट, तिला नुसता आधार पुरे.

“उजवीचा मागचा एक थर काप,” मी म्हटलं.

“आणि?”

“डावीवर शिव.”

बुरुलनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग सुरी उचलली. उजवीतून निघालेला तुकडा तिनं डावीवर ठेवला, काठ दाबून बघितले, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“एजे, शिर्दाकच झाला की हा. यातलं त्यात बसलं. वाया काहीच गेलं नाही.”

“मग तुझ्या सासूला सांग, झोप म्हणावं आता.”

दिसायला मात्र भयंकर झाल्या त्या. एक पातळ, एक फुगलेली, शिंगांची नक्षी एका बाजूला अर्धी कापलेली. बुरुल म्हणाली, निदान वरून काळं कापड शिवू या, दिसायला नको. मी नको म्हटलं.

रविवारी गुरांचा बाजार भरतो, त्यामुळे उतरणीवर गर्दी. बातमी अर्थातच सगळीकडे पोचली होती. ओसमोननं टरबुजांचा ढीग या वेळी झाडामागे रचला होता आणि पुढे स्वतः उभा होता.

“कालिपा एजे, आज कुठून येणार?” त्यानं खालून ओरडून विचारलं.

“वरून! तुझ्याकडे टरबूज शिल्लक असेल तर ठेव एक!”

तळाशी पुलाच्या तोंडावर एर्मेक उभा होता. खरंच मधोमध. वरून तो लहान दिसत होता, शाळेत जाताना दिसायचा तसा. त्याच्यामागे एक ट्रक गेला, मग दुसरा. भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

झुकले आणि निघाले.

पॉपलर मागे पळायला लागले. मेंढ्यांवाले बाजूला झाले, कोणी शिट्टी घातली, कोणी मला नाही नाही ते म्हणालं. गिरणीच्या मोडक्या भिंतीपाशी वेग वाढला, इथेच मागच्या वेळी पाय सुटले होते. मी गुडघे वाकवले आणि मागे रेलले. उजवी पोटरी टेकली. त्याच क्षणी डावीही टेकली. त्या वाकड्या पायामागे काहीतरी टणक, आपलं, भरवशाचं लागलं, आणि त्यानं रेटा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पायानं माझं काम केलं. चाक कुरकुरलं आणि सरळ, अगदी सरळ मंद होत गेलं.

एर्मेक बाजूला झाला नाही. हात पसरून उभा होता, मला झेलायला. माझ्याबरोबर नदीत पडायची तयारी ठेवून आला होता वेडा. त्याच्यापासून हातभर अंतरावर मी थांबले.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बुरुल वरून धापा टाकत येत होती. एर्मेकचा चेहरा पांढरा पडला होता. हात खाली घ्यायचंही त्याला भान नव्हतं.

“हात खाली घे,” मी म्हटलं, “लोक बघतायत.”

त्यानं हात खाली घेतले आणि चाकाकडे बघितलं.

“हा वेल्क्रो माझ्या गाडीचा आहे.”

“होता.”

ओसमोन फिसकन हसला. एर्मेक उकिडवा बसला, गाद्या चाचपू लागला. उजवी, मग डावी, मग पुन्हा डावी.

“ही एवढी जाड का?”

“तूच सांग.”

आजूबाजूला गर्दी जमली होती. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे दुसरीकडे बघायला लागले, सवयीनं.

“अपा... तुमचं वय झालंय, म्हणून...”

“वय नाही. वय दोन्ही पायांचं सारखंच आहे. एर्मेक, जे आहे ते म्हण.”

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते.

“तुमचा डावा पाय वाकडा आहे, अपा.”

“आहे. आणि ही त्याची गादी.”

मी चाकावरून उतरले, चाक त्याच्या हातात दिलं आणि ओसमोनच्या ढिगाकडे चालत गेले. चालले म्हणजे लंगडले, जशी लंगडते तशी. घाई केली नाही की झाडांच्या आडून गेले नाही. दोन-चार टरबुजं वाजवून बघितली, त्यातलं सगळ्यात मोठं निवडलं, आणि लंगडतच परत येऊन ते एर्मेकच्या काखेत दिलं. दुसऱ्या हातातून माझं चाक काढून घेतलं.

“हे घरी ने,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही?”

“मला बाजारात जायचंय.”

“मग हे कुठे ठेवू?”

“मानाच्या जागी,” मी म्हटलं, “भिंतीशी. तिथल्या गाद्या रिकाम्या आहेत.”

मग दोन्ही पाय पावट्यांवर ठेवले, पुढे झुकले आणि पूल ओलांडला.